चीक ताजा राहिला

दोडामार्गजवळ माझ्या भावाची रबराची झाडं आहेत, पण ती वाढवली वहिनीनं. पहाटे ती झाडांना चिरा द्यायची, वाटीत ठिबकलेला पांढरा चीक कॅनमध्ये भरायची, आणि दुपारी चीक न्यायला गाडी येईपर्यंत तो उकाड्यानं आंबून गोठायचा. गाडीवाल्यानं शेवटी बजावलं होतं, "पुन्हा गोठला तर मी इकडे फिरकणार नाही."

त्या दिवशी चीक गोठू नये म्हणून वहिनीनं त्यात मोजून अमोनिया घातला. गाडीचा आवाज आला तसा तिनं लाल लिटमस कागदाचा तुकडा कॅनमध्ये बुडवला. लाल राहिला तर चीक आंबायला लागला, एवढं मलाही ठाऊक होतं. आम्ही दोघी कागदाकडे बघत राहिलो. कागद हळूहळू निळा झाला.

"वन्सं, निळा! अहो बघा तरी, निळा!" वहिनी अक्षरशः नाचली.

मला वाटलं, दूध असो की चीक, नासतं ते आपोआप. ताजं ठेवायला मात्र कुणीतरी हट्टानं उभं राहावं लागतं.

गाडीवाल्यानं झाकण उघडून कॅन हलवला. आत चीक डचमळला.

"ताई, उद्या किती कॅन?"

"भरतील तेवढे," वहिनी म्हणाली. मग पदर खोचून तिनं भरलेला कॅन स्वतःच उचलला आणि गाडीत ठेवला.