ईशापूरच्या रायफलीतला स्क्रू

जर्मनीतल्या एर्लांगेनच्या नेमबाजी क्लबात पद्माकरराव ओगले यांना 'हेर नाइन' म्हणत. हेर म्हणजे श्रीयुत, आणि नाइन म्हणजे नाही. क्लबात कुणी जुनी लष्करी रायफल घ्यायची म्हटली, की आधी ती पद्माकररावांना दाखवायची आणि मग घ्यायची नाही, असा रिवाजच पडला होता.

माणूस नोकरीनेही खोट काढणाराच. क्ष-किरण यंत्रं कारखान्यातून बाहेर पडण्याआधी त्यांच्यात दोष शोधायचा, हे त्यांचं काम. शनिवारी तीच नजर ते रायफलींवर रोखत. आधी स्क्रूंच्या खाचा बघायच्या. खाच खरवडलेली दिसली, की आत कुणी हौशी माणूस हात घालून गेलाय हे नक्की. मग बोल्टवरचा, म्हणजे मागच्या सरकत्या खटक्यावरचा, क्रमांक आणि रायफलीच्या अंगावरचा क्रमांक ताडून पाहायचे. ते जुळले नाहीत तर पद्माकररावांचा चेहरा असा व्हायचा, जणू नवऱ्या मुलाचं आडनाव पत्रिकेत एक आणि दारावरच्या पाटीवर भलतंच निघालंय. मग बोल्ट काढून, मागे अंगठ्याचं नख धरून नळीत उजेड वळवायचा आणि एक डोळा मिटून आत डोकवायचं. लाकूड तासून नव्यासारखं चकचकीत केलेलं असेल, तर बाकी काही बघायचंच नाही. "याचा इतिहास सँडपेपरने पुसलाय. नाइन."

ही सगळी विद्या असूनही स्वतःची रायफल मात्र त्यांच्याकडे नव्हती. परवान्याचं पिवळं कार्ड मिळून आठ वर्षं झाली, तरी त्यावरच्या रायफलींच्या नोंदीच्या ओळी कोऱ्या होत्या. क्लबाची रायफल उसनी घेऊन ते नेम मारत, आणि तीही किती टाकाऊ आहे ते घरी येऊन बायकोला, शुभदाला, सांगत. शुभदा विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करी, पण रायफलींचं ज्ञान, अगदी स्वीडनच्या रायफलींच्या दस्त्यावरच्या पितळी चकतीपर्यंतचं, तिला जेवणाच्या टेबलावर, वरणभातात कालवून मिळालेलं होतं.

आणि २०१४ च्या जूनमध्ये बातमी आली. फोर्खहाइमच्या पुढे, चेरीच्या बागांच्या एका गावात, फ्राऊ हेरोल्ड नावाच्या विधवा बाई नवऱ्याचा संग्रह मोडतायत, आणि त्यात ईशापूरची ली-एनफील्ड रायफल आहे. बंगालमधल्या ईशापूरची! भारतात घडलेली रायफल जर्मनीत पद्माकररावांनी कधी पाहिलीच नव्हती. त्या रात्री त्यांना झोप नाही.

"ही मात्र घ्यायचीच," ते म्हणाले.

"अहो, आधी बघा तर तिला," शुभदा म्हणाली.

रविवारी दोघं पोचली. फ्राऊ हेरोल्ड सत्तरीच्या, उंच, हाताला पीठ लागलेलं. त्यांनी आधी कार्ड मागितलं, चष्मा लावून उलटसुलट पाहिलं.

"आठ वर्षांत एकही नाही?"

"एकही नाही," शुभदा म्हणाली. "यांनी लग्नाच्या वेळी एवढी तपासणी केली असती, तर मीसुद्धा सुटले असते."

बाई मोठ्यांदा हसल्या आणि दिवंगत गेऑर्गच्या कपाटातून रायफल काढून टेबलावर ठेवली.

पद्माकरराव वाकून बघू लागले. खाचा कोऱ्या करकरीत. बोल्टचा क्रमांक जुळला. नळीतले पीळ स्वच्छ, शेवटपर्यंत. दस्त्याच्या टोकाची पितळी पट्टी कुणी घासली नव्हती, जुन्या पातेल्यासारखी काळसर होती. जवसाच्या तेलाचा वास. अंगावर अशोकस्तंभाचे सिंह. आठ वर्षांत पहिल्यांदाच 'नाइन' म्हणायला जागा सापडेना, आणि माणूस अस्वस्थ झाला.

मग त्यांना ती जागा सापडली. मॅगझिनच्या, म्हणजे गोळ्यांच्या डबीच्या, पुढे, लाकडातून आरपार, एक स्क्रू. इंग्लंडमध्ये बनलेल्या रायफलींत तिथे काही नसतं, हे त्यांना पाठ होतं.

"हे बघा," ते जवळजवळ आनंदानेच म्हणाले. "इथे कुणीतरी भोक पाडलंय. आमच्याकडची कामं अशीच. तडा गेला, की मार स्क्रू! छान रायफल होती, बिघडवली."

"गेनाऊ, अगदी बरोबर," फ्राऊ हेरोल्ड शांतपणे म्हणाल्या. "कारखान्यातच. ईशापूरमध्ये. धक्क्याने लाकूड तडकायचं, म्हणून त्यांनी तो मुद्दाम बसवायला सुरुवात केली. गेऑर्ग म्हणायचा, हा स्क्रू नसता तर मी हिला खोटी समजलो असतो."

मग शुभदाला असं हसू फुटलं, की तिला खुर्चीचा आधार घ्यावा लागला.

"अहो, स्वीडनच्या रायफलीची तुम्हाला सात पिढ्यांची कुळकथा पाठ! आणि स्वतःच्या घरची रायफल ओळखता येईना?"

फ्राऊ हेरोल्ड मात्र आता हसत नव्हत्या. त्यांनी रायफल स्वतःकडे ओढून घेतली. "आल्झो, असं आहे तर. चार जणांना मी परत पाठवलंय. सगळे नुसते बोलायचे. गेऑर्गने ही अशा माणसाला दिली नसती."

पद्माकररावांच्या तोंडाशी तीन स्पष्टीकरणं आली. स्वीडिश दस्त्यावरच्या पितळी चकतीचं तर अगदी ओठांवर होतं. त्यांनी ते गिळलं. ही गेली तर पुन्हा दिसायची नाही, हे त्यांना कळत होतं.

"मला माहीत नव्हतं," ते म्हणाले. "गेऑर्ग आणखी काय सांगायचे?"

बाईंनी रायफल बाजूला ठेवली. मग चेरीचा केक कापला आणि सांगायला बसल्या. रायफल जहाजाने कुठल्या बंदरात उतरली, दस्त्यावरचा ओरखडा गेऑर्गने स्वतः कसा पाडला आणि महिनाभर कसा सुतक पाळल्यासारखा बसला, पावसात ती डावीकडे का मारते. पद्माकरराव ऐकत राहिले. एकदाही मध्ये बोलले नाहीत. शुभदाला काळजी वाटून तिने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"मला या वस्तूंची कधीच आवड नव्हती," शेवटी फ्राऊ हेरोल्ड म्हणाल्या. "तीस वर्षं रोज रात्री सूप निवेपर्यंत हेच ऐकायचे. कंटाळायचे. आता सूप गरम असताना संपतं." त्यांनी रायफल दोन्ही हातांनी पद्माकररावांपुढे धरली. "घेऊन जा. पण ती कशी चालते, ते येऊन सांगायचं. सविस्तर."

"सविस्तर?" शुभदाने पुन्हा विचारलं, आणि क्षणाचाही विलंब न लावता पर्समधून डायरी काढली. "फ्राऊ हेरोल्ड, दर शनिवारी पाठवलं तर चालेल का यांना? जेवायलाच पाठवते."