ओला पंप

सासरेबुवांनी चाळीस वर्षं सफरचंदांवर औषध मारलं. फवारणी केल्याशिवाय त्यांना सकाळचा चहा पचत नसे. मी बाग सेंद्रिय करायला घेतली आणि त्यांचा पंप खुंटीवर गेला, त्याला तीन वर्षं झाली. उद्या सेंद्रिय प्रमाणपत्रासाठी तपासनीस पानं तपासायला नेणार होते. औषधाचा अंश सापडला, तर तिन्ही वर्षं पुन्हा पहिल्यापासून!

आज पंप ओला दिसला. मी तो घेऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो.

"बाबा, काय मारलंत?"

"नुसतं पाणी हो, जावईबापू! पानांवर मावा दिसला की हात शिवशिवतात."

"पण पंप आधी धुतलात ना?"

त्यांनी झाकण उघडून वास घेतला. आत अजून जुन्या औषधाचा वास होता; त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"दोनच झाडांवर मारलंय," ते पुटपुटले. "उद्या तपासनीसांना ती झाडं मीच दाखवतो."