अक्काची मोहरी कांजीवरम

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी उचगावात घरी दळणाचे गहू निवडत होते. आदल्याच दिवशी आम्ही दोघी बहिणी कुरुंदवाडला तिच्या नणंदेकडं बारशाला जाऊन आलो होतो. पाळणा म्हणताना अक्काचा आवाज कसा खणखणीत... आणि सकाळी चहा पिता पिता ती गेली. तीन आठवडे झाले, माझं मन मानत नाही. रागही येतो तिचा. थोरल्या बहिणीनं असं न सांगता जायचं असतं का?

अक्काचा जीव तिच्या कांजीवरम साड्यांत. कोल्हापुरात त्यांच्या गल्लीतली एकही नवरी तिच्या हाताशिवाय साडी नेसली नसेल. निऱ्या चापूनचोपून बसवायची, रेशीम फाटू नये म्हणून पिनेखाली कापडाचा तुकडा घालायची. नवरीनं पदर ओढला की खेकसायची, "ए, वढू नगंस की! रेशीम हाय त्ये, गोणपाट न्हाय!" कपाटात प्लास्टिकची पिशवी दिसली तर माझी धडगत नसे. साडी जुन्या धोतराच्या फडक्यात बांधायची, दोन-तीन महिन्यांनी घडी बदलायची, नाहीतर जरतार घडीवर तुटते. आणि नेसलेली साडी घामासकट ठेवायची नाही. एकदा मी तशीच ठेवली आणि जरतार काळी पडली, तर बाईसाहेब आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत!

ती गेली त्या दिवशी तिचं घर माणसांनी भरलेलं. मला रडूच येईना. आतल्या खोलीत खुर्चीच्या पाठीवर तिची बारशाला नेसलेली मोहरी रंगाची कांजीवरम वाऱ्याला टाकलेली दिसली. पदराला खोबरेलाचा, मोगऱ्याचा, तिच्या घामाचा वास होता. ही अशी राहिली तर अक्का काय म्हणेल, एवढंच माझ्या डोक्यात आलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी ती ड्रायक्लीनला दिली आणि "लवकर द्या हं पावणं," असं बजावून आले. तिच्यासाठी एवढं तरी नीट केलं, असं वाटलं मला.

अक्काची एकुलती एक लेक शुभांगी परदेशात असते. तिकीट मिळून ती पोचेपर्यंत चौथा दिवस उजाडला. आईचं तोंडसुद्धा तिला दिसलं नाही. आल्या आल्या तिनं विचारलं, "मावशी, आईनं शेवटची नेसलेली साडी कुठाय?"

मी स्वच्छ, कडक घडीची साडी आणून दिली. तिनं घडी मोडली आणि दोन्ही हातांनी साडी तोंडावर धरली. पदर हुंगला, काठ हुंगले, मग निऱ्यांची बाजू... वेड्यासारखी शोधत राहिली. मला सगळं कळलं. शेवटी तिनं मान वर केली.

"मावशी, ह्यात आई न्हाय गं."