पांढरी खसखस

डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या एका मिठाईच्या दुकानात भट्टीपुढे उभा राहून मी जन्म काढला. शाळा चौथीपर्यंत. थोरल्या भावाने गावाकडून इकडे परदेशात बोलावून घेतलं. तो डॉक्टर, मी आचारी, एकाच आईच्या पोटचे. दुकानात कुणी "काका, यात काय काय घातलंय?" असं विचारलं की माझं डोकं फिरायचं. खायचं तर खा, नाहीतर मागच्याला पुढे येऊ दे. माझ्या हातचं खाऊन कुणाचं वाईट झाल्याचं मी ऐकलं नव्हतं.

मुलगा नोकरीसाठी दुसऱ्या राज्यात, नोव्हायला गेला आणि आमच्या घराचा वरचा मजला रिकामा पडला. तेव्हा एक बाई चौकशी करत आल्या. तुरुंगातून सुटलेल्यांना राहायला जागा आणि हाताला काम मिळवून देणारी त्यांची संस्था. सरकार त्यांना आधी काही देत नाही. सुटलेला माणूस वर्षभर एका छपराखाली राहिला, कामावर गेला, परत आत गेला नाही, तर देतं. गेला, तर संस्थेचं सगळं पाण्यात. म्हणजे सुईणीला लुगडं, पण पोर रडल्यावर. मला हे पटलं. काम दाखवा आणि मजुरी न्या, मीही असाच जगलो.

मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, प्लीज कॅन्सल करा." मी म्हटलं, तू घर सोडलंस, आता तिथे कोण राहील ते मी बघीन. मग बरेच दिवस तो फक्त आईशी बोलला.

वर राहायला आला तो माणूस पन्नाशी ओलांडलेला. तरुणपणी आत गेला होता, केस पिकल्यावर बाहेर आला. काय केलं होतं ते मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. गोदामात माल चढवायचं काम त्याला मिळालं होतं. आमच्या दारात यायचा, पण 'आत ये' म्हटल्याशिवाय उंबऱ्यावर पाय ठेवायचा नाही. मला सर म्हणायचा. मी माझ्या भटारखान्यातल्या इंग्रजीत त्याला सांगितलं, सर शाळेत असतात, मी शाळेत थांबलो नाही, मला काका म्हण. कामावरून आला की स्वतःच्या किल्लीने दार उघडायचा, आत न जाता परत लावायचा, परत उघडायचा. मी जिन्याखालून ऐकायचो.

दिवाळी आली. दुकान सुटलं तरी अनारसे मी घरी करतोच. तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून गुळात मळून पीठ मुरवायचं. मग खसखशीवर थापायचं आणि खसखस वर ठेवून तुपात सोडायचं. अनारसा उलटायचा नसतो. ज्याने उलटला त्याला मी दुकानात भांडी घासायला पाठवत असे. जाळी पडली पाहिजे, तूप गळून गेलं पाहिजे. एक डबा भरून वर दिला. आमच्या घरात राहणारा माणूस दिवाळीला तोंड गोड केल्याशिवाय राहत नाही. त्याने तो पुरवून पुरवून आठवडाभर खाल्ला.

मग एक दिवस त्या बाई आल्या आणि कोट न काढताच बसल्या. पॅरोलच्या ऑफिसात त्याची लघवी तपासतात, तीत अफू निघाली होती. तो शपथ घेऊन सांगत होता की आपण कशाला हात लावला नाही. पण अशा शपथा तिथे रोज होतात. परत आत पाठवतील, असं बाई म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, तो तुमच्याकडे काय खातो?

खसखशीने असं होऊ शकतं, हे त्यांनी सांगितलं तेव्हा मी ताडकन उठलो. माझ्या अनारशांत अफू? उभ्या आयुष्यात असं कुणी बोललं नव्हतं. मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

आमच्या हिने मात्र शांतपणे विचारलं, "खसखस कुठून येते हो? अफूच्या बोंडातूनच ना? झोप लागत नाही म्हणून खसखशीची खीर कोण मागतं माझ्याकडे?"

मी खाली बसलो.

त्याला वरून बोलावलं. खसखस खायची नाही हे त्याला सुटतानाच बजावलं होतं आणि तो पाळतही होता. पण इथली खसखस काळी असते, पावावर दिसते. आपली पांढरी. त्याला वाटलं, वर रवा लावलाय. हे सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता, जमिनीकडे बघत होता. मला वाटलं होतं तो चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही संस्थेत गेलो. तिथले साहेब भले, पण त्यांच्या डोळ्यांपुढे वर्षअखेर होती. ते म्हणाले, निकाल लागेपर्यंत याला दुसरीकडे हलवू, तुमच्याकडे एक सोपा माणूस देतो. सोपा म्हणजे काय ते मला कळलं. जो कसाही टिकणारच आहे, तो. भट्टी विझायला आली की शेगडी बदलायची नसते, फुंकर घालायची असते. मी म्हटलं, "खोली मी याला दिलीय. दुसरा आणायचा असेल तर दुसरं घर बघा." बाई खाली मान घालून बसल्या होत्या. साहेबांनी पुढे वाद घातला नाही.

तिथून पॅरोलच्या ऑफिसात. बरोबर उरलेले अनारसे आणि खसखशीची पुडी नेली होती. अधिकाऱ्याने डब्याला हात लावला नाही.

"हे तुम्ही त्याला का दिलंत?"

"दिवाळी होती."

"यात काय आहे?"

तोच प्रश्न. आयुष्यभर ज्याला मी उत्तर दिलं नाही. शेजारच्या खुर्चीवर तो बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर, हलत नव्हता. मी एकेक सांगितलं. तांदूळ, गूळ, तूप. मग म्हणालो, "आणि खसखस. ती मी घातली. त्याला माहीत नव्हतं. दोष असेल तर माझ्या हाताचा आहे." इंग्रजी मोडकंतोडकं होतं. बाईंनी मदत करायला तोंड उघडलं, मी हाताने थांबवलं.

त्याला परत पाठवलं नाही. पुढे बरेच आठवडे वरचेवर तपासलं, प्रत्येक वेळी काही निघालं नाही. तेवढे आठवडे तो आमच्याकडचं पाणीसुद्धा प्यायला नाही. ही वाईट वाटून घ्यायची. मी तिला म्हणायचो, बरोबर वागतोय तो.

संस्थेचं वर्ष भरलं, सरकारने पैसे दिले. साहेब फोटो काढायला आले, त्यांना मीही मधे उभा राहायला हवा होतो. मी घरात निघून गेलो. त्याच्या पॅरोलला मात्र अजून अवकाश आहे आणि तो अजून वरच राहतो, आता स्वतःच्या पगारातून भाडं देऊन.

या दिवाळीला मी अनारसे तिळावर थापले. ही बघत राहिली. म्हणाली, "तीळ? तुम्ही?" मी पुढचा अनारसा तुपात सोडला. जाळी पडली, पण चव ती नाही. ताटली घेऊन मी स्वतः वर गेलो. त्याने ती दोन्ही हातांनी घेतली आणि विचारलं, "काका, यात काय आहे?"

मी सगळं सांगितलं. तिळाचं दोनदा सांगितलं.

त्याने मान हलवली. म्हणाला, परवा तपासणी आहे, ती झाली की खाईन. ताटली त्याने खिडकीपाशी फळीवर ठेवली आणि वर दुसरी उपडी घातली.

मी म्हटलं, घाई नाही, अनारसे खराब होत नाहीत. आणि खाली आलो.