शेवट न वाचता निवडलेली कादंबरी

मास्तरीण म्हणायचे तिला, पण शाळेशी तिचा संबंध सातवीतच तुटला होता. ती होती मोठ्या धुलाई कारखान्याच्या इस्त्रीखात्यात. इस्पितळांच्या चादरी तिथे ओल्या गठ्ठ्यांनी येत आणि करकरीत घड्या होऊन जात. एकतीस बायका, दोन ओळी, वर पत्रा. वर्षाचे अकरा महिने खिडक्या सताड उघड्या, नाहीतर माणूस आत शिजून निघेल. आणि खिडक्या उघड्या म्हणजे ट्रकांचा गोंगाट आत. कडाक्याच्या थंडीचा एक महिना तेवढा खिडक्या बंद व्हायच्या. त्या महिन्यात खात्यात पुस्तक वाचलं जाई.

कुणा साहेबाची मेहेरबानी नव्हती ती, बायकांनी भांडून मिळवलं होतं. दुपारचे दोन तास एकीने उंच स्टुलावर बसून मोठ्याने वाचायचं, आणि तिच्या वाटच्या चादरी बाकीच्या तीसजणींनी उरकायच्या. कामात खोट आली तर वाचन बंद, एवढी एकच अट. सहा वर्षांत खोट आली नव्हती.

पुस्तकं व्हिक्टोरिया राणीच्या काळातली, आपल्या भाषेत आलेली, उशीएवढ्या जाडीची. वस्तीतल्या वाचनालयात त्यांचं अख्खं कपाट होतं आणि मास्तरणीशिवाय त्याला कुणी हात लावत नसे. शिकलेसवरलेले नाक मुरडत, इस्त्रीवाल्यांना ह्या जुन्या परक्या गोष्टी कशाला? त्यांना काय ठाऊक! त्या कादंबऱ्या मुळात हप्त्याहप्त्याने छापलेल्या. दर प्रकरणाच्या शेवटी कुणीतरी दारात उभं, नाहीतर कुणाच्या तरी हातात न फोडलेलं पत्र. ऐकणारी दुसऱ्या दिवशी ताप असला तरी कामावर हजर. शिवाय त्यातल्या माणसांना पोट असतं, भाडं असतं, डोक्यावर मालकीण असते. ओळखीचीच मंडळी की!

निवडीची रीत ठरलेली होती. मास्तरणीने तीन पुस्तकं आणायची, तिन्हींचं पहिलं प्रकरण वाचायचं आणि बायकांनी इस्त्र्या उचलून कौल द्यायचा. नियम एकच आणि कडक: वाचणारीने शेवट आधी वाचायचा नाही. एका वर्षी तिने वाचला होता, तर चौथ्याच दिवशी चिमटा म्हणाली, "हा डॉक्टर जाणार. त्याचं नाव आलं की तुझा आवाज ओला होतो." चिमटा म्हणजे खात्यातली सगळ्यात म्हातारी, जिभेवरून पडलेलं नाव. डॉक्टर खरंच गेला, आणि बायकांचा त्या महिन्याचा रसही गेला.

त्या वर्षी थंडी पडली आणि चिंध्यांच्या पेटीसकट झालेल्या मोजणीत चार चादरी कमी भरल्या. आळ आला घड्या घालणाऱ्या आक्कावर. आक्का ही मास्तरणीची थोरली नणंद. सुपरवायझरने, ज्याला सगळ्या पाठीमागे शिट्टी म्हणत, आक्काचं टेबल स्वतःच्या काचेच्या खोलीसमोर ओढून घेतलं. महिनाअखेर मॅनेजरसमोर चौकशी. चोरी ठरली तर नोकरी गेली.

मास्तरणीच्या नाकावर राग कायमचाच. "आमच्या वन्सं? दुसऱ्याच्या झाडाचं पान तोडायचं तरी विचारून तोडतात त्या!" तिने त्याच दिवशी अर्ज लिहिला: आक्काने चोरी केलेली नाही, ह्याची आम्ही ग्वाही देतो. तीसपैकी सत्तावीस सह्या पडल्या. उरलेल्या तिघींशी तिने बोलणं टाकलं.

आणि त्याच तिरमिरीत ती वाचनालयाच्या कपाटापुढे जाऊन उभी राहिली. एक पुस्तक मृत्युपत्रावरून भांडणाऱ्या भावांचं. दुसरं दलदलीकाठच्या वाड्याचं, जिथे माळ्यावर पावलं वाजतात. तिसरं तीन खंडांचं: मालकिणीचे चांदीचे चमचे हरवतात आणि आळ मोलकरणीवर येतो. पहिलं प्रकरण तिने उभ्याउभ्याच वाचलं. हेच पुस्तक! महिनाभर हे कानांवर पडलं तर चौकशीच्या दिवशी एक बाई मागे हटायची नाही.

कौलाच्या दिवशी शिट्टी दारात आला. "मास्तरीणबाई, जरा गोड बघा काहीतरी. लग्नाबिग्नाचं."

"का, तुमचं कुठे जमत नाहीये वाटतं?" चिमटा म्हणाली, आणि वाफेत हशा पिकला.

पहिल्या दोन पुस्तकांची प्रकरणं मास्तरणीने बाजाराची यादी वाचावी तशी वाचली. तिसऱ्याला मात्र सगळा गळा लावला. हे रीतीला धरून नव्हतं आणि तिला ते पुरतं ठाऊक होतं. सव्वीस इस्त्र्या वर गेल्या. आक्काचा घडी घालणारा हात खालीच राहिला.

संध्याकाळी फाटकाशी आक्का म्हणाली, "दुसरं पुस्तक नव्हतं का गं?"

"वन्सं, हे तुमच्यासाठीच तर निवडलंय."

आक्काने शाल डोक्यावरून ओढून घेतली आणि चालू लागली.

पुस्तकाने आपलं काम चोख केलं. दुसऱ्या आठवड्यात बायका त्या मालकिणीला नावं ठेवताना काचेच्या खोलीकडे बघू लागल्या. मोलकरणीची पेटी उचकली त्या दिवशी खात्यात चिडीचूप. तिसऱ्या आठवड्यात उरलेल्या तिघींनी आपण होऊन सही केली. तीस! मास्तरीण जमिनीपासून चार बोटं वर चालू लागली. आक्का मात्र दिवसेंदिवस वाळत चालली होती. चौकशीची धास्ती, असं सगळ्यांनी धरलं.

चौकशीच्या आदल्या दिवशी वाचन तिसऱ्या खंडात बरंच पुढे आलं होतं. शिट्टी त्या दिवशी नेमका आत येऊन भिंतीला टेकून उभा. मोठ्याने वाचणाऱ्याची नजर जिभेच्या दोन ओळी पुढे धावते. तशी मास्तरणीची धावली आणि ठेचकाळली. मोलकरीण रात्री खोलीचं दार लावते, पलंगाखालची फळी उचकते, आणि खाली चमचे असतात. मोजून बारा.

मास्तरीण थांबली.

"वाच की," ओळीतून कुणीतरी म्हणालं.

फळीखाली काही नव्हतं, एवढे तीन शब्द. एका श्वासाचं काम. पुस्तक तिच्या हातात, पडताळणार कोण? पण दोन वर्षांपूर्वी ह्याच शिट्टीने कारखान्याची नोटीस वाचताना एक ओळ गाळली होती आणि हिनेच त्याला भर खात्यात धरलं होतं: "छापलंय ते वाचा, तुमच्या मनातलं नको." ते वाक्य आज तिच्याच घशात आडवं आलं. तिने वाचलं. छापलं होतं तसं, चमच्यांच्या आकड्यासकट.

इस्त्र्या जागच्या जागी थांबल्या. कुठेतरी कापड करपल्याचा वास आला.

"घ्या!" शिट्टी टाळी वाजवून हसला. "तुमच्याच पोथीत निघालं. उद्या मॅनेजरसाहेबांना हेच वाचून दाखवा." आणि जळकी चादर खांद्यावर टाकून तो बाहेर गेला.

"माझी सही खोड," तिघींतली एक म्हणाली.

"अगं बाई, ती पुस्तकातली चोर, म्हणून ही चोर?" मास्तरीण कडाडली. "डोकं गहाण ठेवलंयस का?"

"खोड तिची," आक्का टेबलामागून म्हणाली. "सगळ्यांच्याच खोड. मी नेल्यात. चारही. चिंध्यांच्या पेटीतून, फाटक्या. बाबांखाली घालायला."

मास्तरीण स्टुलावरून उतरली. "आणि मी महिनाभर घसा फोडतेय! माझ्याशीसुद्धा खोटं, वन्सं?"

"खोटं कधी बोलले? तू विचारलंस कुठे? तू तर माझ्या नावाने शपथच घेऊन मोकळी झालीस. मग मी तोंड कुठे उघडू?"

बाबा म्हणजे मास्तरणीचे सासरे. दोन वर्षं अंथरुणाला खिळलेले, तेही दोन मुलगे असताना मुलीच्या घरी. मास्तरीण दर रविवारी जायची. त्यांच्या उशाशी बसायची, त्या निळ्या काठाच्या चादरीवर. असल्या निळ्या काठाच्या हजारो चादरी तिने स्वतः इस्त्री केलेल्या. "किती स्वच्छ ठेवता हो तुम्ही बाबांना," असं म्हणून सहाच्या बसने घरी परतायची. बघितलं नव्हतं असं नाही.

"पुरावा काही नाही," एकजण हळूच म्हणाली. "तीस सह्या आहेत. गप्प बसलो तर उद्या सुटेल ती."

"सुटेल," चिमटा म्हणाली. "नुसत्या गप्प बसा."

सगळ्या आक्काकडे बघू लागल्या. तिने मान हलवली. "उद्या मला समोर उभं करून विचारतील. माझ्याच्याने नाही होणार. महिनाभर झोप नाही मला."

भोंगा व्हायला वीस मिनिटं होती. मास्तरणीने जुना अर्ज फाडला. फाडताना हात असा काही चालला की जणू समोर शिट्टीच आहे. मग इस्त्रीच्या टेबलावर नवा कागद ठेवून लिहिलं: आक्काने टाकून दिलेल्या चार चादरी अंथरुणावरच्या बापासाठी नेल्या. एवढ्यासाठी नोकरी काढू नये. पेन थांबलं. मग पुढे लिहिलं: हा बाप तिच्या भावांचाही आहे आणि त्यातल्या एकाची बायको मी. खाली पहिली सही स्वतःची. खात्याला मोठ्याने वाचून दाखवलं, तेव्हा शेवटच्या वाक्याला आवाज चिरकला, पण गाळलं नाही.

भोंगा होईपर्यंत एकोणीस सह्या. अकराजणी मान खाली घालून निघून गेल्या.

चौकशी दीड तास चालली. नोकरी वाचली, पण आक्काला खाली हौदांवर पाठवलं, जिथे दिवसभर कोपरापर्यंत थंड पाण्यात हात. आणि करपलेली चादर टेबलावर मांडून शिट्टीने अटीवर बोट ठेवलं. वाचन बंद. त्याच दुपारी स्टूल उचलून नेलं.

त्या रविवारी मास्तरीण नवऱ्याला म्हणाली, "बाबांना इकडे आणायचं. पंधरा दिवस वन्संकडे, पंधरा आपल्याकडे."

"जागा कुठे आहे?"

"तू झोपतोस ना, ती."

तिसऱ्या दिवशी त्याने खाट आणली.

तिसऱ्या खंडाची नव्वदेक पानं उरली होती. जेवणाच्या सुट्टीत मास्तरीण मागच्या आवारात, भिंतीच्या आडोशाला उभी राहून ती वाचू लागली. पहिल्या दिवशी सातजणी आल्या, दुसऱ्या दिवशी सोळा. न सही केलेल्याही त्यात होत्या; तिने एकीवर डोळे वटारले आणि वाचत राहिली. तिसऱ्या दिवशी हौदाकडच्या दारातून आक्का आली. हात लालबुंद, एप्रन निथळतंय. मागेच उभी राहिली. पान संपलं तशी म्हणाली, "वहिनी, ते फळीचं पुन्हा वाच. तिने चमचे कशासाठी घेतले, ते त्या दिवशी माझ्या कानात शिरलंच नाही."

"कुणाच्याच नाही," चिमटा म्हणाली.

मास्तरणीने पानं मागे उलटली आणि मोलकरणीच्या त्या रात्रीपासून पुन्हा सुरुवात केली.