मला विळी म्हणायचं होतं

पक्षाघातातून उठले तेव्हा चालता येत होतं, समोरच्याचं बोलणं कळत होतं. वस्तूंची नावं तेवढी सापडत नव्हती. उजवा हातही नीट उचलत नव्हता. हे मला डोंबिवलीहून ठाण्याला स्पीच थेरपीला न्यायचे. तिथल्या बाई एकेक चित्र समोर धरायच्या आणि मी नाव सांगायचं.

एकदा मांजराचं चित्र होतं. शब्द अगदी जिभेवर आलेला. यांना राहवलं नाही. हळूच म्हणाले, "कुत्रा नाही हं, दुसरं ते." झालं, माझ्या तोंडून कुत्राच बाहेर पडला. मग कितीही प्रयत्न केला तरी तोच.

बाई यांना म्हणाल्या, "काका, जवळचा शब्द कानावर पडला की हवा तो सापडेनासा होतो. मदत करायचीच तर फक्त पहिलं अक्षर द्या."

तेव्हापासून हे घरात जपून बोलायला लागले. मी बोलत असले की टीव्हीसुद्धा बंद करायचे.

त्याच सुमारास ताई आली. बाळकुमचं आमचं माहेरचं घर पाडून तिथे बिल्डिंग होणार होती आणि आईच्या वस्तू ती एकटीच आवरत होती.

"तुझ्यासाठी काय ठेवू?" तिने विचारलं.

मला आईची विळी हवी होती. काळा पडलेला पाट, पात्याच्या टोकाला नारळ खवायचे दाते, सगळं लख्ख दिसत होतं. नाव येईना. मी डाव्या हाताने नारळ खवल्यासारखं करून दाखवलं.

"किसणी?" ताई म्हणाली. मी मानेनेच नाही म्हटलं. "मग सुरी? पाटा? अगं, चाळण का?"

"ताई, जरा थांबा," हे म्हणाले. पण मला काय हवंय ते त्यांनाही कळलं नव्हतं. पहिलं अक्षर देणार तरी कुठलं?

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या डोक्यात आता किसणीशिवाय काही उरलं नव्हतं. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "किसणी."

"मग मघाशी नाही का म्हणालीस, वेडे?" ती डोळे पुसून हसली. ते बघून मला पुन्हा नाही म्हणवेना.

पुढच्या आठवड्यात कपड्यांच्या घड्या घालताना शब्द आपसूक आला. मी मोठ्याने म्हटलं, "विळी." हे आतून धावत आले आणि लगेच ताईला फोन लावून माझ्या कानाशी धरला.

"विळी?" ताई म्हणाली. "अगं, ती गंजलेली, भंगारात दिली. तुला हवी होती का?"

मला सांगायचं होतं. पण गंज, भंगार एवढंच कानात घुमत राहिलं. शेवटी "असू दे" म्हणाले.

रविवारी हे बाळकुमला जाऊन भंगारवाल्याच्या ढिगात शोधून आले. हाताला खरचटलेलं, विळी नाही. त्यांना काहीतरी म्हणावं असं फार वाटलं. ते समोर बसून थांबले होते. मी त्यांच्या हाताकडे बघत राहिले.