काकांनी डिस्क सोडवली तेव्हा

आमचे काका बोलायला लागले की समोरच्याने सरळ उशी घेऊन बसावं. ध्वनिसंग्रहालयाचे सर्व्हर सांभाळणं हे त्यांचं काम, आणि डिस्क जोडणं-सोडवणं हा त्यांचा एकमेव विषय. जेवता जेवता ताट पुढे ओढून ते समजवायचे, "हे ताट म्हणजे फोल्डर. माउंट म्हटलं की डिस्क यावर येऊन बसते, मग दिसतं ते डिस्कवरचंच. अनमाउंट म्हटलं की डिस्क गेली, ताट पुन्हा तुमचं." आपण हुकूम सोडत नाही, संगणकाच्या गाभ्याला विनंती करतो, हेही ते दर वेळी बजावायचे. कुणी एखादी फाईल उघडी ठेवली असेल तर हा गाभा डिस्क सोडायला साफ नकार देतो, पण खोटं बोलत नाही. खोटं बोलतात ती माणसं, असं म्हणून ते आमच्या सगळ्यांकडे संशयाने बघायचे. त्यांच्या हातून काही निसटत नाही म्हणून ऑफिसात त्यांना 'कुलूप' म्हणत, आणि ते त्यांना आवडायचं.

माझी आई त्यांची थोरली वहिनी. काकांच्याच शब्दावर ती संग्रहालयात लागली, जुन्या टेपा संगणकावर उतरवायच्या कामाला. काही टेपा इतक्या जीर्ण असत की एकदा वाजल्या की संपल्या. एका सुईणीने गायलेल्या अंगाया तशाच टेपांवर होत्या. सुईण गेल्यावर तिच्या मुलीने त्या विश्वासाने आणून दिल्या होत्या. आईने त्या जिवापाड जपून उतरवल्या. घरी भांडी घासतानाही त्यांच्या चाली तिच्या तोंडात असायच्या.

आणि एका सकाळी त्या फायली जागेवर नव्हत्या. टेपांचा तर भुगा झाला होता. आईने शपथेवर सांगितलं की मी सेव्ह केल्या होत्या. काका म्हणाले, संगणक काही गिळत नाही, वहिनी, तुमच्याकडूनच राहिलं असणार. साहेबांनाही त्यांनी तेच सांगितलं. आत्याकडे सगळे जमलो होतो तिथे, "कामात लक्ष हवं," असं आईच्या देखत म्हणाले. आई आधी भांडली. मग तिला स्वतःचीच शंका यायला लागली. शेवटी तिने नोकरी सोडली आणि तुमचं नाव खराब केलं म्हणून धाकट्या दिराची माफी मागून आली. काकांनी मोठ्या मनाने माफ केलं, वर चहाही पाजला.

त्यानंतर आईचं गुणगुणणं बंद झालं. फोनवरून साधा फोटो पाठवायचा तरी मला हाक मारायची, "तूच कर गं, माझ्या हातून काहीतरी जाईल."

परवा काका माझ्या चष्म्याच्या दुकानात आले. गिऱ्हाईक जाईपर्यंत कोपऱ्यात उभे राहिले, मग खिशातून पेन ड्राइव्ह काढून काउंटरवर ठेवला. संग्रहालयातला जुना सर्व्हर मोडीत निघाला होता. त्यांनी शेवटची डिस्क सोडवली आणि सवयीने खालचा फोल्डर पाहिला. तो रिकामा असायला हवा होता. त्यात अंगाया होत्या, आईने दिलेल्या नावांसकट.

घडलं होतं ते एवढंच. आई त्या टेपा उतरवत होती तेव्हा वीज जाऊन सर्व्हर पुन्हा चालू झाला होता. डिस्क आपोआप जोडली जावी ही सोय काकांनी करायची राहिली होती, त्यामुळे आईचं काम डिस्कवर न जाता खालच्या फोल्डरमध्येच साठत गेलं. काकांच्या लक्षात आल्यावर त्यांनी गुपचूप डिस्क जोडली. जोडण्याआधी खाली काही आहे का, हे पाहिलंच नाही. डिस्क वर बसली आणि खालचं झाकलं गेलं. ताटाची गोष्ट आम्हाला तोंडपाठ करायला लावणाऱ्या माणसाने ताटात डोकावलं नव्हतं.

"तूच दे तिला," काका म्हणाले. "सापडल्या म्हणून सांग."

माझं डोकंच फिरलं. कुठे सापडल्या म्हणून सांगू, असं विचारलं तर ते चष्म्यांच्या काड्या सरळ करत बसले. मी ड्राइव्ह त्यांच्या खिशात परत कोंबला आणि संध्याकाळी घरी या म्हटलं. खरं तर मलाही लाज वाटत होती. आई हाक मारायची तेव्हा मी किती वेळा कपाळाला आठ्या घातल्या होत्या.

काका आले. खुर्ची असून उभेच राहिले. आई भाजी निवडत होती. त्यांनी सगळं सांगितलं, सोय राहिल्याचं आणि न पाहिल्याचंही.

"म्हणजे मी सेव्ह केल्या होत्या," आई म्हणाली.

"हो, वहिनी. तुमचं काहीच चुकलं नव्हतं."

आईने हातातली जुडी खाली ठेवली. "मग मी मागितलेली माफी परत द्या, भाऊजी."

काकांचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. कशी देऊ, ते तुम्हीच सांगा, असं ते कसंबसं म्हणाले. ज्यांच्यासमोर मला नावं ठेवलीत त्यांना सांगा, आई म्हणाली. मग काकांनी आमच्या स्वयंपाकघरातूनच आधी साहेबांना फोन लावला, मग आत्याला. आत्या म्हणाली, जाऊ दे रे, किती जुनी गोष्ट. काका म्हणाले, जाऊ द्यायची नाही, तू ऐक. आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

शेवटचा फोन सुईणीच्या मुलीला. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "वाजवता का जरा?"

ड्राइव्ह आईने स्वतः लावला. फाईल उघडण्याआधी तिने सवयीने माझ्याकडे पाहिलं. मी मागेच थांबले. खरखर झाली, मग एक म्हातारा, गोड आवाज खोलीत आला. आईने फोन स्पीकरजवळ धरला. पलीकडून सुईणीची मुलगी हळूहळू आपल्या आईच्या सुरात गाऊ लागली.

माझ्या आईनेही ओठ हलवून पाहिले, एकदा, मग पुन्हा. तिला चाल आठवत नव्हती. काका तिच्याकडेच बघत होते.